तिन्ही प्रश्नावल्या आईनेच भरल्या तर?

'आईचं नैराश्य, संगोपन आणि मुलांची आक्रमकता' या विषयाचे बरेचसे आराखडे एकाच साच्यातले असतात. आईला नैराश्याची चाचणी द्यायची, संगोपनाची प्रश्नावली द्यायची आणि 'मूल मारतं का, वस्तू फेकतं का' हेही तिलाच विचारायचं. सहसंबंध सार्थ येतो. मग निष्कर्षात 'परिणाम' हा शब्द बिनधास्त येतो.

इथे जरा थांबा. तिन्ही उत्तरं एकाच बाईची आहेत. रात्रभर झोप न लागलेल्या आईला पोराचा नेहमीचा दंगासुद्धा जास्त वाटू शकतो. पण म्हणून 'खिन्न आया वाढवून सांगतात' असंही लिहू नका. जॉन रिक्टर्स यांनी १९९२ साली अशा अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्या दाव्यामागचा पुरावाही कच्चाच निघाला. मुलाकडे बघणारं दुसरं कुणी अभ्यासात नसेल तर दोन्ही बाजूंनी काहीच ठरत नाही.

दिशेचाही घोळ आहे. जेराल्ड पॅटरसन यांची मांडणी बघा : आई रागावते, मूल किंचाळतं, आई कंटाळून माघार घेते आणि किंचाळलं की काम होतं हे मुलाला कळतं. यात कोण कुणाला बिघडवतंय? एकदाच घेतलेल्या मापावरून ते कळणार नाही.

आपल्या शेजारचंच चांगलं उदाहरण म्हणजे विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचं गोव्यातलं काम. विषय आक्रमकतेचा नाही, बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा आहे. तरी पद्धतीसाठी वाचाच. २००२ च्या लेखात त्यांनी गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाली म्हणून वाढणारा धोका हे सगळं मोजलं. २००३ मध्ये त्याच कामातल्या बाळांचं सहाव्या महिन्यातलं वजन आणि लांबी तपासली. वजनकाटा आईचं मत विचारत नाही!

आता हा विषय घेऊन आमच्या वाशी तालुक्यात या. दिवाळीच्या सुमाराला इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. काही पोरं फडावर जातात, काही आजीजवळ राहतात. जानेवारीत तुम्ही शाळेत प्रश्नावली वाटली तर 'आई' म्हणून ती कोण भरणार? त्या पोराने वर्गात कुणाला ढकललं, तर ते कुणाच्या संगोपनाच्या खात्यात टाकणार? बापाला तर आपण काहीच विचारलेलं नसतं. माहिती एकाच कोपऱ्यातून गोळा केली की दोषही त्याच कोपऱ्यात सापडतो, आणि तो लिहून आपण पदवी घेतो.

माझ्या आराखड्यात मी दोन बदल केलेत. आक्रमकतेची प्रश्नावली वर्गशिक्षकही भरतील. आणि पहिल्या पानावर, नावाच्याही आधी, एक प्रश्न असेल : मूल सध्या कोणाजवळ राहतं, आणि कधीपासून? नमुना लहान होईल म्हणून आमचे गाईड कुरकुरतायत.