बिली वाइल्डरची सोंगं

बिली वाइल्डरचं नाव निघालं की ‘तिरकस’, ‘कडवट’ ही विशेषणं हमखास येतात. अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६८ साली त्याला ‘दिसतो तेवढा दम नाही’ अशा दिग्दर्शकांच्या रांगेत बसवलं. पुढे त्यांनीच हे मत बदललं. मला मात्र त्याच्या कडवटपणापेक्षा त्याच्या पात्रांची सोंगं जास्त बोलकी वाटतात.

वाइल्डर १९०६ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत एका ज्यू घरात जन्मला. बर्लिनमध्ये पटकथा लिहीत होता. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर तो पॅरिसला पळाला आणि पुढच्या वर्षी हॉलिवूडला पोचला. इंग्रजी तिथे गेल्यावर शिकला. मागे राहिलेली त्याची आई नाझींच्या हत्याकांडात गेली.

अमेरिकेत दिग्दर्शित केलेला त्याचा पहिला सिनेमा ‘द मेजर अँड द मायनर’ (१९४२). गावी परतायला पूर्ण तिकिटाचे पैसे नाहीत, म्हणून नायिका लहान मुलगी बनून अर्ध्या तिकिटावर गाडीत चढते. ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) मधले दोन वादक गुंडांनी केलेले खून बघतात आणि जीव वाचवायला साडी नव्हे, पण झगे नेसून बायकांच्या बँडमध्ये शिरतात. आपण खदाखदा हसतो, पण सोंग उघडं पडलं तर काय, ही धाकधूक शेवटपर्यंत सुटत नाही. परक्या देशात नव्याने बोलायला शिकलेल्या माणसाला ही धाकधूक चांगली ठाऊक असणार.

‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) मध्ये हसू आटतं. विस्मृतीत गेलेल्या नटीचा नोकर मॅक्स तिला चाहत्यांच्या नावाने खोटी पत्रं लिहितो. हा मॅक्स एकेकाळचा दिग्दर्शक. भूमिका केली आहे एरिक फॉन स्ट्रोहाइमने. तोही व्हिएन्नाहून आलेला, मूकपटांचा मोठा दिग्दर्शक, आणि पुढे हॉलिवूडने त्याला दिग्दर्शनाचं काम देणं बंद केलं. वाइल्डर स्वतः यशाच्या शिखरावर असताना आपल्याच गावाहून आलेल्या माणसाची ही गत पडद्यावर ठेवतो. तुच्छतेने बघणारा दिग्दर्शक मॅक्सला इतकी प्रतिष्ठा देणार नाही.

मग ‘द अपार्टमेंट’ (१९६०). बढतीसाठी नायक बॅक्स्टर आपल्या घराची किल्ली साहेबांना त्यांच्या लफड्यांसाठी देतो. शेजारचे डॉक्टर ड्रायफस त्याला सुनावतात की ‘मेन्श’ हो. मेन्श म्हणजे माणूस. शब्द यिडिश, वाइल्डर मागे सोडून आला त्या जगातला. शेवटी बॅक्स्टर साहेबाला नकार देतो तो हाच शब्द घेऊन.

या सिनेमाने वाइल्डरला एका रात्रीत तीन ऑस्कर दिले. इंग्रजी संवादांसाठी नावाजलेल्या या माणसाने सिनेमातला सगळ्यात मोलाचा सल्ला मात्र घरून आणलेल्या शब्दात दिला. सोंग टाकून दिल्यावर काय उरायला हवं, हे सांगायला त्याला तोच शब्द पुरला.