‘आमचा देश’ आणि ‘आपला देश’ : नुरुद्दीन फाराह यांच्या कादंबऱ्यांतील उत्तरदायित्वाचा प्रश्न

सोमाली भाषेत ‘आमचा देश’ आणि ‘आपला देश’ यांसाठी दोन वेगळी रूपे आहेत. ऐकणाऱ्याला वगळायचे असेल तर ‘दलकयागा’, त्याला सामावून घ्यायचे असेल तर ‘दलकेन्ना’. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही; त्याच्या भाषेत तो जन्मापासून आहे, आणि ‘आपले घर’ म्हणायच्या ठिकाणी कुणी ‘आमचे घर’ म्हटले तर काय घडते हे त्याला चांगले ठाऊक असते. इंग्रजीत मात्र या दोन्ही अर्थांसाठी एकच सर्वनाम आहे. बोलणारा कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हे इंग्रजी वाक्यात झाकलेले राहते. सोमाली समाजातील सर्वांत महत्त्वाचा कादंबरीकार इंग्रजीत लिहितो आणि त्याच्या लेखनाचा मध्यवर्ती प्रश्न ‘आपण कोण आणि कोणाचे देणे लागतो’ हा आहे. त्यामुळे व्याकरणातील या लहानशा गोष्टीला त्याच्या बाबतीत समीक्षेच्या दृष्टीने मोठे महत्त्व येते.

नुरुद्दीन फाराह यांच्यावर झालेली बरीचशी समीक्षा निर्वासन, स्मृती आणि सांस्कृतिक संकर या संकल्पनांच्या आधारे झाली आहे. एडवर्ड सैद यांचे निर्वासनविषयक चिंतन, रश्दींची ‘काल्पनिक मायभूमी’ आणि स्टुअर्ट हॉल यांनी १९९० मध्ये मांडलेली अस्मितेची घडत राहणारी प्रक्रिया यांचा तिच्यावर ठसा आहे. या मांडण्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पण देश सोडलेल्याने काय गमावले, हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे. तो मागे राहिलेल्यांचे काय देणे लागतो, हा प्रश्न त्यांत बहुधा दुय्यम राहतो. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९९२ मध्ये ‘दूरस्थ राष्ट्रवादा’ची चर्चा करताना ही बाजू पुढे आणली. दूर देशी सुरक्षित राहून मायभूमीच्या राजकारणात पैसा आणि शब्द ओतणारा माणूस त्या राजकारणाच्या परिणामांना उत्तरदायी नसतो, ही त्यांची तक्रार. फाराह यांच्या उत्तरकालीन कादंबऱ्या या तक्रारीसमोर ठेवून वाचल्या तर त्यांचे बळ आणि त्यांची उणीव एकाच जागी दिसते.

फाराह यांचे चरित्र या प्रश्नाशी जखडलेले आहे. जन्म १९४५ चा, बैदोआ येथील. बालपण ओगादेन प्रदेशातल्या कल्लाफो या गावी, म्हणजे सोमाली लोकवस्तीच्या पण इथिओपियाच्या अमलाखालील मुलखात. विद्यार्थी म्हणून ते चंदीगढला होते आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फ्रॉम अ क्रुकेड रिब’ ही पहिली कादंबरी त्यांनी तेथेच लिहिली. सोमाली भाषेला १९७२ मध्ये अधिकृत रोमन लिपी मिळाल्यावर त्यांनी सोमालीत कादंबरी लिहायला घेतली. ती वृत्तपत्रातून क्रमशः येत असतानाच सियाद बर्रे यांच्या राजवटीने थांबवली. १९७६ नंतर ते वीस वर्षे मायदेशी पाऊल टाकू शकले नाहीत. १९९६ मध्ये परतले तेव्हा बर्रे यांची सत्ता कोसळून पाच वर्षे झाली होती आणि मोगादिशू टोळीनायकांत वाटले गेले होते. लिहून आपण देश जिवंत ठेवतो, अशी त्यांची भूमिका त्यांनी अनेकदा मांडली आहे. ही भूमिका उदात्त आहे. पण लेखनात जिवंत राहणाऱ्या देशाचे सदस्यत्व कोण ठरवते, हा प्रश्न ती बाजूला ठेवते.

तो बाजूला ठेवता येणार नाही हे सर्वांत आधी त्यांच्याच ‘मॅप्स’ या १९८६ च्या कादंबरीने दाखवले. ओगादेनमधल्या अस्कर या पोरक्या मुलाला मिस्रा ही बिगरसोमाली स्त्री वाढवते. १९७७ च्या युद्धात सोमाली राष्ट्रवाद पेटतो तसा अस्कर तिच्यापासून दूर जातो, तिच्यावर फितुरीचा आळ येतो आणि शेवटी तिची हत्या होते. ही कथा प्रथम, द्वितीय आणि तृतीय अशा तिन्ही पुरुषांत आळीपाळीने सांगितली आहे. समीक्षकांनी या कथनतंत्राचे विवेचन दुभंगलेल्या अस्मितेच्या अंगाने केले आहे. ते खरेच आहे, पण पुरेसे नाही. कादंबरीच्या अखेरीस कळते की हे सारे कथन पोलिसांपुढे दिलेल्या निवेदनातून उगवले आहे, आणि त्यात अस्कर एकाच वेळी वादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि न्यायकर्ता आहे. मराठीत पोलिसांपुढे दिलेल्या निवेदनाला ‘जबाब’ म्हणतात आणि त्याच शब्दातून ‘जबाबदारी’ हा शब्द आला आहे, हे येथे आठवावे. अस्करला जबाब द्यावा लागतो तो राष्ट्राला नव्हे. ज्या बाईचे दूध आणि मायाच नव्हे तर भाषाही त्याच्या वाट्याला आली, आणि जिला त्याच्या राष्ट्राने ‘आपण’मध्ये घेतले नाही, तिला तो द्यावा लागतो. पाच टोकांच्या ताऱ्यात पाच विखुरलेले प्रदेश जोडू पाहणाऱ्या ध्वजाला मिस्राची जागा दाखवता येत नाही.

‘आपण’ची ही संदिग्धता ‘आम्ही’ला नाही, आणि येथे समाजरचनेकडे वळणे आवश्यक ठरते. आय. एम. लुईस यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ पास्टोरल डेमॉक्रसी’ या ग्रंथात उत्तर सोमाली पशुपालकांमधील ‘मग’ देणाऱ्या गटांचे वर्णन आले आहे. मराठी कानाला ओळखीचा शब्द वापरायचा तर ही भावकी. गटातल्या एकाकडून दुसऱ्या गटातला माणूस मारला गेला तर त्याची भरपाई साऱ्या भावकीने मिळून द्यायची आणि मिळालेली भरपाईही वाटून घ्यायची. परंपरेने पुरुषाच्या प्राणाचे मोल शंभर उंट, स्त्रीच्या प्राणाचे त्याच्या निम्मे. गट काही शे ते काही हजार पुरुषांचा असतो आणि कोणी किती द्यायचे हे करारांनी ठरलेले असते. उत्तरदायित्वाची ही कल्पना स्त्रीला अर्धी मोजते आणि परक्याला मोजतच नाही. तिचे दोष उघड आहेत. पण ती हिशेबी आहे. कोण, कोणाला, किती आणि कधी या चारही प्रश्नांची उत्तरे तिच्यापाशी आहेत. तिच्या जागी राष्ट्र किंवा मानवता आणू पाहणाऱ्याने ही चार उत्तरे नव्याने द्यायला हवीत.

‘लिंक्स’ (२००३) ही कादंबरी नेमकी येथे उभी राहते. ‘नॉट्स’ (२००७) आणि ‘क्रॉसबोन्स’ (२०११) यांच्यासह होणाऱ्या त्रयीतील ही पहिली. वीस वर्षांहून अधिक काळानंतर न्यूयॉर्कहून मोगादिशूत आलेला दान्तेचा अभ्यासक जेब्लेह हा तिचा नायक. सोमालीत ‘जेब’ म्हणजे खिसा आणि ‘लेह’ म्हणजे असलेला. खिसेवाला माणूस परदेशातून येतो आणि ज्याची त्याची नजर त्याच्या खिशावर जाते, हा विनोद मूळ भाषा जाणणाऱ्यालाच ऐकू येतो. विमानतळावर उतरताच बंदूकधारी तरुण केवळ खेळ म्हणून एका दहा वर्षांच्या मुलाला टिपतात, आणि जेब्लेह पाहत राहतो. पुढे हॉटेलात त्याच्या कुळातले वडीलधारे येतात. त्यांना कुळाच्या युद्धगाड्यांच्या दुरुस्तीसाठी त्याच्याकडून पैसे हवे आहेत. जेब्लेह त्यांना घालवून देतो.

हा प्रसंग त्रयीतला सर्वांत कसदार प्रसंग आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना भाषा आहे. वडीलधाऱ्यांची मागणी हिंस्र असली तरी त्यांच्या व्यवस्थेत ती सुसंगत आहे: तू आमचा, म्हणून तुझ्यावर इतके देणे. जेब्लेहचा नकार नैतिक आहे. आईची कबर शोधणे, तिच्या स्मृतीचे ऋण फेडणे, पळवून नेलेल्या मुलीच्या शोधात मित्राला साथ देणे, हे त्याने स्वतः निवडलेले देणे आहे. पण निवडलेले देणे आणि अंगावर आलेले देणे यांत फरक असतो. निवडलेले देणे निवडणाऱ्याला सोडूनही देता येते. जेब्लेहच्या खिशात अमेरिकन पारपत्र आहे आणि त्याच्या प्रत्येक नैतिक कृतीच्या पाठीशी परतीचे विमान आहे. याची जाणीव कादंबरीला नाही असे म्हणता येणार नाही. शहराविषयी बोलताना ‘आम्ही’ म्हणावे की ‘ते’ म्हणावे याविषयी जेब्लेह अडखळतो आणि कादंबरी स्वतःच त्याच्या सर्वनामांकडे लक्ष वेधते. त्याचा मित्र बिले जे अनाथगृह चालवतो तेही तुरुंगातून सुटल्यावर बेवारस सापडलेल्या पैशांतून उभे राहिले आहे. निर्मळ पैसा येथे कोणाकडेच नाही. इतपत प्रामाणिकपणा दाखवणारी कादंबरी शेवटाकडे मात्र डगमगते. बिलेचा सावत्र भाऊ अलोशा, ज्याने एकेकाळी जेब्लेहला आणि बिलेला तुरुंगात टाकले होते, मरतो. मृत्यू नेमका कसा घडला हे धूसर ठेवले आहे. पण जेब्लेहने त्या दिशेने पावले टाकली होती हे वाचकापासून लपत नाही. कुळाच्या बंदुकांना पैसा नाकारणारा माणूस स्वतःच्या वैरासाठी दुसऱ्यांचे हात वापरतो आणि देश सोडून जातो. या खुनाची भरपाई कोणी, कोणाला द्यायची? जुनी व्यवस्था हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारील. कादंबरी तो विचारत नाही.

देण्याघेण्याच्या या बाजूला केवळ आर्थिक तपशील समजणे चुकीचे होईल. राज्यसंस्था नसलेल्या काळात सोमाली घरे परदेशातून येणाऱ्या पैशांवर तगली. जागतिक बँकेच्या अंदाजांनुसार ही रक्कम वर्षाला शंभर कोटी डॉलरांच्या वर गेली आहे. ती ज्या मार्गाने येते त्याला सोमालीत ‘हवाला’च म्हणतात, आणि मराठीत हा शब्द बदनाम होण्यापूर्वी ‘हवाली करणे’ म्हणजे विश्वासाने सोपवणे असा त्याचा साधा अर्थ होता. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने ‘अल्-बराकात’ या मोठ्या हवालासंस्थेचे व्यवहार बंद पाडले, तेव्हा त्याचा फटका घरखर्चाची वाट पाहणाऱ्या असंख्य कुटुंबांना बसला. फाराह यांना हे जग माहीत आहे. ‘येस्टरडे, टुमॉरो’ (२०००) या पुस्तकासाठी त्यांनी केनियापासून स्वीडनपर्यंतच्या परागंदा सोमालींशी संवाद साधला, आणि त्याची सुरुवात मोंबासाला निर्वासित म्हणून पोचलेल्या त्यांच्या वडिलांपासून होते. तेथील माणसे टॅक्सी चालवतात, लादी पुसतात, कागदपत्रांची वाट पाहतात आणि पैसे पाठवतात. मात्र त्रयीत मायदेशी परतणारी माणसे प्राध्यापक, अभिनेत्री, पत्रकार आहेत. लादी पुसून महिन्याला शंभर डॉलर पाठवणारी मोठी बहीण, जिला परतणे परवडत नाही पण जिचे देणे एका महिन्यानेही चुकत नाही, ती या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी येत नाही. फाराह यांच्यासारख्या स्त्रीजीवनाविषयी सातत्याने सजग लेखकाकडून ती राहून जावी, हे आश्चर्याचे आहे.

‘नॉट्स’मध्ये ही उणीव काही अंशी भरून निघते. मुलाच्या बुडून झालेल्या मृत्यूनंतर अंबरा टोरोंटोहून येते. रोमन लिपीतले तिच्या नावाचे आद्याक्षर इंग्रजी वाचक ‘क’ असे वाचतो, सोमालीत तो ‘ऐन’ आहे. एका दुय्यम टोळीनायकाने बळकावलेले कुटुंबाचे घर सोडवणे हा तिचा हेतू. पण घर सुटते ते शांततेसाठी काम करणाऱ्या, शहरातच राहिलेल्या स्त्रियांच्या जाळ्यामुळे, आणि सुटलेल्या घरात अखेर बाहुल्यांचे नाटक उभे राहते. येथे ‘आपण’ला प्रथमच पत्ता मिळतो. कोणाच्या स्वयंपाकघरात किती माणसे जेवतात, पहारा कोण देते, नटांना कोण आणते, हे सांगण्यात कादंबरी रमते, आणि हा रमणे काहींना सैल वाटले तरी तेच तिचे खरे काम आहे. शेवट मात्र जरा जास्तच सुखाचा आहे. ‘क्रॉसबोन्स’मध्ये ती सोय उरत नाही. २००६ च्या अखेरच्या इथिओपियन आक्रमणाच्या सुमारास घडणाऱ्या या कादंबरीत मिनियापोलिसमध्ये राहणारा अह्ल आपल्या सावत्र मुलाला शोधत येतो. तहलील या मुलाला अल्-शबाबने भरती करून नेले आहे. मायभूमीविषयीच्या कर्तव्याची हाक परदेशात वाढलेल्या पोराने ऐकली आहे, आणि ती बापाने शिकवलेल्या हाकेसारखीच ऐकू येते. अँडरसन यांचा दूरस्थ राष्ट्रवादी सुरक्षित होता. हा मुलगा परिणामांच्या मधोमध आहे. उत्तरदायित्वाचे आवाहन स्वतःहून चांगले नसते, हे या कादंबरीइतके स्पष्ट पहिल्या दोन कादंबऱ्या सांगत नाहीत.

या संदर्भात हद्रावी या नावाने प्रसिद्ध असलेल्या कवीचे स्मरण अपरिहार्य आहे. १९४३ ते २०२२ हे त्यांचे आयुष्य. बर्रे यांच्या तुरुंगात त्यांनी पाच वर्षे काढली, नंतर विलायतेत राहिले, मायदेशी परतले आणि २००३ मध्ये शांततेसाठी देशभर यात्रेला निघाले. त्यांची कविता सोमालीतच राहिली आणि ध्वनिफितींवरून परदेशातल्या घरांत पोचली. तुलना फाराह यांना खाली दाखवण्यासाठी नाही. ज्याची सोमाली कादंबरी अर्ध्यावर तोडली गेली त्याला भाषा सोडल्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. पण श्रोता समोर असलेल्या कवीला ‘इन्नगा’ आणि ‘अन्नगा’ यांतून प्रत्येक वेळी निवड करावी लागते. इंग्रजी कादंबरीकाराला ती टाळता येते.

ती कोणावर येऊन पडेल हे पाहायचे असेल तर ‘लिंक्स’च्या मराठी अनुवादाची कल्पना करावी. हॉटेलात आलेले वडीलधारे जेब्लेहशी बोलतात तेव्हा अनुवादक न अडखळता ‘आपले कूळ’ लिहील. जेब्लेह त्यांना उत्तर देतो तेथे त्याला लेखणी थांबवावी लागेल. तो बिलेशी बोलतो तेथे ‘आपण’ चालेल. आणि न्यूयॉर्कमधल्या बायकोमुलींना तो मोगादिशूविषयी सांगतो तेथे ‘आमच्याकडे’ लिहावे की ‘आपल्याकडे’, हे ठरवायला अनुवादकाला मूळ संहितेत आधार मिळणार नाही.