नाताळचे दिवे : सुधारणा कोणत्या मापाने मोजायची?

अमेरिकेत डिसेंबर जवळ आला, की काही घरांतून एक उलटा प्रवास सुरू होतो. दुकानात एलईडीच्या नव्याकोऱ्या माळा स्वस्तात मिळत असताना ही मंडळी जुन्या बाजारात आणि आजी-आजोबांच्या माळ्यावरच्या खोक्यांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे रंगीत दिवे शोधत फिरतात. नव्या माळा डोळ्यांना बोचतात, थरथरतात आणि दोन-तीन हंगामांत बंद पडतात, अशी त्यांची तक्रार असते.

विज्ञानाची आवड असलेला माणूस ही तक्रार ऐकून प्रथम हसतो. एलईडी ही गेल्या काही दशकांतील मोठी झेप आहे. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मग जुन्या दिव्यांची ओढ म्हणजे केवळ बालपणीच्या आठवणींचा हट्ट म्हणायचा का? तसे म्हणून मोकळे होण्याआधी तक्रारीचा एकेक मुद्दा तपासून पाहू. कारण प्रश्न नाताळच्या झाडापुरता नाही. 'जुने तंत्र सदोष, नवे तंत्र निर्दोष' असे आपण वर्गात सहज बोलून जातो. ते कोणत्या मापाने बोलतो, याचा विचार शिक्षकांनी तरी करायला हवा.

थोडा इतिहास

नाताळच्या झाडावर पूर्वी खऱ्या मेणबत्त्या लावत. सुकत चाललेल्या झाडावर उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रणच. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा ८० विजेच्या दिव्यांचे फिरते झाड उभारले. विसाव्या शतकाच्या आरंभी तयार माळा विक्रीस आल्या. या माळांत सुमारे १५ व्होल्टचे आठ दिवे एकसर जोडणीत असत. आठ गुणिले पंधरा म्हणजे १२०, हे तिकडच्या घरगुती विजेचे विभवांतर. एक दिवा उडाला, की आठही बंद. मग चांगला दिवा हाती घेऊन एकेका जागी तो लावून पाहायचा.

१९३० च्या दशकात समांतर जोडणीच्या माळा आल्या. त्यांतील सी-७ आणि सी-९ हे दिवे पुढे घरोघर पोचले. नावातील आकडा दिव्याचा व्यास अष्टमांश इंचांत सांगतो. सी-७ म्हणजे सात अष्टमांश इंच, सुमारे २२ मिलिमीटर. सी-९ सुमारे २९ मिलिमीटर. सी-७ दिवा साधारण ५ वॅटचा, तर सी-९ हा ७ वॅटचा. एक उडाला तरी बाकीचे जळत राहात.

त्यानंतर आल्या बारीक दिव्यांच्या माळा. २.५ व्होल्टचे ५० दिवे पुन्हा एकसर जोडणीत. पण आता एक युक्ती होती. प्रत्येक दिव्यात तंतूच्या खाली एका बारीक तारेचे वेढे असत आणि त्या तारेवर रोधक लेप असे. तंतू तुटला, की सगळे १२० व्होल्ट त्या एका दिव्याच्या दोन टोकांवर येत. लेप तेवढे विभवांतर सोसत नसे; तो फुटे आणि विद्युतधारेला पर्यायी वाट मिळे. माळ जळत राही. मात्र ५० दिव्यांचे विभवांतर आता ४९ दिव्यांत वाटले जाई. उडालेले दिवे वेळीच बदलले नाहीत, तर उरलेले अधिकाधिक प्रखर होत आणि भराभर उडत. एकसर जोडणी शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

पहिला मुद्दा : रंग

जुन्या दिव्यात तंतूचा पिवळसर पांढरा प्रकाश रंगीत लेपातून गाळून बाहेर येई. लेप काही आदर्श गाळणी नसे. लाल दिव्यात थोडे नारिंगी, हिरव्यात थोडे पिवळे मिसळलेले असे. शिवाय तापलेल्या तंतूच्या प्रकाशात निळा भाग मुळातच कमी, त्यामुळे निळा दिवा आपोआप मंद राही. रंग वेगळे, पण सगळे एकाच कुटुंबातले वाटत.

रंगीत एलईडीचा प्रकाश वर्णपटाच्या अगदी अरुंद पट्ट्यात असतो. रंग शुद्ध, म्हणूनच भडक. आणि निळा आता मंद राहात नाही. आपल्या डोळ्यातील भिंग निळ्या प्रकाशाचे वक्रीभवन लाल प्रकाशापेक्षा जास्त करते. त्यामुळे त्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या किंचित पुढे पडते. तसेच, जिथे आपल्याला सर्वांत स्पष्ट दिसते त्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी फारच विरळ असतात. म्हणून रात्री दुरून पाहिलेला प्रखर निळा दिवा धूसर, पसरट आणि त्रासदायक वाटतो. तक्रार करणाऱ्याचा डोळा खोटे सांगत नाही.

म्हणजे पूर्वी रंगांचा तोल तंतू आणि लेप यांच्या गुणधर्मांमुळे आपोआप साधला जात होता. आता तो माळ बनवणाऱ्याने जाणीवपूर्वक साधायला हवा, आणि बहुधा तो साधलेला नसतो.

दुसरा मुद्दा : थरथर

प्रत्यावर्ती धारा सेकंदाला ठरावीक वेळा दिशा बदलते. तंतू मात्र तापलेला असतो. एवढ्या अल्प काळात तो फारसा निवत नाही आणि त्याचा प्रकाश बऱ्यापैकी स्थिर वाटतो. एलईडीत अशी साठवण नसते. धारा थांबली, की प्रकाश तत्क्षणी थांबतो. शिवाय एलईडी एकाच दिशेने धारा जाऊ देतो. स्वस्त माळेत दुसरे काही न घालता एलईडी सरळ विजेला जोडले, तर प्रत्येक आवर्तनातील एक अर्धा भाग वाया जातो. उरलेल्या अर्ध्यातही विभवांतर पुरेसे चढेपर्यंत माळ पेटत नाही. अमेरिकेत सेकंदाला ६० वेळा आणि आपल्याकडे ५० वेळा ती पेटते-विझते, आणि निम्म्याहून अधिक वेळ विझलेलीच असते. सरळ पाहताना हे सर्वांनाच कळते असे नाही. पण मान वळवली, की प्रकाशाच्या रेघेऐवजी ठिपक्यांची रांग दिसते.

यावर उपाय अवघड नाही. चार डायोडचा एकदिशकारक आणि एक संधारित्र घातले, की थरथर जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे हा दोष एलईडीचा नसून काटकसरीचा आहे.

तिसरा मुद्दा : आयुष्य

एलईडी २५ हजार तास टिकतो, असे खोक्यावर लिहिलेले असते. रोज ५ तास याप्रमाणे महिनाभर माळ लावली, तर वर्षाला १५० तास होतात. २५ हजाराला १५० ने भागा : सुमारे १६६ वर्षे! मग माळ तिसऱ्या वर्षी बंद का पडते? कारण माळ म्हणजे नुसता एलईडी नव्हे. उघड्यावर लावलेल्या माळेत ओल शिरते, एलईडीचे पाय गंजतात, जोड सुटतात, लहानशा डबीतील इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होतात. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीएवढीच असते, आणि खोक्यावर मात्र सर्वांत मजबूत कडीचे आयुष्य छापलेले असते.

खरा फरक पुढेच आहे. सी-७ दिव्याची मळसूत्री बैठक प्रमाणित आहे : १२ मिलिमीटर. आज विकत घेतलेला दिवा १९५० च्या दशकातील माळेत बसतो. बहुतेक स्वस्त एलईडी माळांत मात्र दिवा तारेतच कायमचा बंद केलेला असतो. एक जोड सुटला, की अख्खा भाग काळोखात आणि सगळी माळ कचऱ्यात. तांबे, प्लॅस्टिक, अर्धवाहक सगळे एकत्र गुंडाळून. आपल्याकडे गणपती-दिवाळीच्या बारीक बल्बांच्या माळा घरोघरी टेस्टर घेऊन दुरुस्त केल्या जात. वसईत किंवा गोव्यात नाताळच्या नक्षत्रातला बल्ब सहज बदलता येई. त्या खटपटीत मुले जे शिकत, ते आता शिकण्याची सोय उरलेली नाही.

चौथा मुद्दा : उष्णता

१९४६ मध्ये अमेरिकेत नोमा या कंपनीने 'बुडबुड्यांचे दिवे' बाजारात आणले. लहान दिव्यावर द्रव भरलेली बंद काचनळी. अशा बऱ्याच नळ्यांत मिथिलीन क्लोराइड असे, जे सुमारे ४० अंश सेल्सियसलाच उकळते. खालच्या दिव्याच्या उष्णतेने नळीत अखंड बुडबुडे उठत. उष्णता म्हणजे वाया गेलेली ऊर्जा, हे आपले नेहमीचे वाक्य. इथे तीच उष्णता शोभेचे काम करीत होती. गार राहणारा एलईडी हे काम करू शकत नाही. ही एक गोष्ट मात्र खरोखर तंत्राबरोबर गेली.

दुसरी बाजू

आता जुन्याच्या भक्तांना काही प्रश्न. सी-९ चे २५ दिवे म्हणजे १७५ वॅट. १५० तासांत सुमारे २६ युनिट वीज. अर्ध्या वॅटचे तेवढेच एलईडी २ युनिटांहूनही कमी वीज घेतात. एका घरापुरती ही रक्कम क्षुल्लक वाटेल, पण लाखो घरांचा हिशेब वेगळा होतो. दिव्याची तापलेली काच मुलांची बोटे भाजते. जुन्या तारांचे रबर वाळून भेगाळते आणि आतील तांबे उघडे पडते. मिथिलीन क्लोराइड विषारी असते. नळी फुटली तर खेळ नव्हे. जुन्या सजावटीतील इतर वस्तूही निरुपद्रवी नव्हत्या. झाडावर सोडायच्या चमचमत्या पट्ट्या शिशाच्या असत. अमेरिकेत १९७२ पासून त्या मागे घेण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तर नकली बर्फ म्हणून ॲस्बेस्टॉस भुरभुरत. आठवणींच्या खोक्यात हे सगळे सौंदर्याबरोबरच भरलेले आहे.

निष्कर्ष

तर न्याय कसा करावा? चार मुद्द्यांपैकी उष्णतेचा मुद्दा सोडला, तर बाकीचे तीन एलईडीच्या भौतिकशास्त्रातून निघत नाहीत. भडक रंग, थरथर आणि दुरुस्ती न करता येणारी बांधणी हे बनवणाऱ्यांनी केलेले पर्याय आहेत. ते बदलता येतात. काही उत्पादकांनी तसे केलेही आहे : जुन्या आकाराचा, रंगीत लेपाचा दिवा, आत उबदार पांढरा एलईडी आणि तीच मळसूत्री बैठक. वीज थोडी, रंग सौम्य आणि दिवा बदलता येणारा. म्हणून जुन्या दिव्यांकडे वळणे हा निषेध म्हणून रास्त आहे, उपाय म्हणून नाही.

चूक झाली ती मोजण्यात. वॅट मोजणे सोपे, म्हणून वॅट मोजले. डोळ्याला काय वाटते, किती वेळा दुरुस्त करता येते, शेवटी कचरा किती होतो, हे मोजले नाही. जे मोजले ते सुधारले आणि जे मोजले नाही ते बिघडले. ग्राहकाची कुरकुर ही अशा न मोजलेल्या गोष्टींची पहिली नोंद असते. तिला अडाणीपणा म्हणणे हेच अवैज्ञानिक.

वर्गासाठी दोन-तीन गोष्टी सुचवतो. अंधाऱ्या खोलीत माळ लावून मुलांना नजर झर्रकन एका बाजूकडून दुसरीकडे न्यायला सांगावी. ठिपके दिसले तर का, हे त्यांनीच सांगावे. जुन्या सीडीच्या पृष्ठभागावर साध्या बल्बचा आणि रंगीत एलईडीचा प्रकाश पाडून वर्णपटांची तुलना करावी. टॉर्चचे बल्ब आणि सेल घेऊन एकसर व समांतर जोडणी करावी. घरातील विजेच्या माळा मात्र मुलांना उघडू देऊ नयेत. आणि शेवटी त्यांना विचारावे : चांगल्या माळेची परीक्षा घ्यायची, तर तुम्ही काय काय मोजाल? फळ्यावर जी यादी तयार होईल, ती खोक्यावरच्या यादीहून नक्कीच लांब असेल.