वादळी बंदराचे छायाचित्र : शिडाची नौका, शहर आणि चौकट

प्रस्तावना

मुंबई बंदराच्या पाण्यावरून टिपलेल्या वादळी हवेच्या छायाचित्राला एक ठरावीक रूप प्राप्त झाले आहे. तळाशी शिशाच्या रंगाचे पाणी, मधोमध गेट वे ऑफ इंडिया व ताजमहाल हॉटेल यांची अरुंद पट्टी आणि उरलेल्या मोठ्या भागात ओथंबून आलेले ढग, अशी त्याची मांडणी असते. एका कडेला शिडाचा कोपरा किंवा डोलकाठी दिसली की त्या दृश्याला साहसाचा आणि जुनेपणाचा स्पर्श होतो. अशा चित्राची समीक्षा बहुधा निसर्गाची विराटता व मानवाची क्षुद्रता या दोन शब्दांत आटोपते. हे म्हणणे चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. छायाचित्र ही कलाकृती असते, तसाच तो पुरावाही असतो. वादळाच्या चित्राकडे पाहताना वारा कोठून येत होता, नौका कोठे होती आणि त्या वेळी संकटात कोण होते, हे प्रश्न विचारले गेले नाहीत तर सौंदर्यच पुराव्याची जागा घेते. प्रस्तुत लेखात या चित्रप्रकाराचा विचार ऋतू, रसायन आणि नौका या तीन अंगांनी करून अखेरीस त्याच्या चौकटीची मर्यादा तपासली आहे.

हा विचार टिटवाळ्यासारख्या ठिकाणाहून केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर, काळू नदीच्या काठी वसलेल्या या गावाची आज ओळख महागणपतीचे स्थान आणि मुंबईच्या नोकरदारांची वस्ती अशी आहे. येथून बंदर दिसत नाही; पण काळूचे पाणी उल्हास नदीला मिळून खाडीवाटे समुद्रास जाते. याच उल्हासच्या काठचे कल्याण हे प्राचीन बंदर असून इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. म्हणजेच शिडाची नौका ही या परिसराला परकी वस्तू नाही. बंदरावरचे आकाश आणि टिटवाळ्यावरचे आकाश यांचा संबंध कसा आहे, हे पुढे पाहावयाचे आहे.

बंदर आणि पंचांग

मुंबई बंदर बेटाच्या पूर्वेस आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो तेव्हा शहराची भूमी वारा आणि बंदर यांच्यामध्ये आडवी येते. त्यामुळे बंदरातील नौकेवरून पश्चिमेकडे रोखलेल्या कॅमेऱ्याला ढग शहराच्या पाठीमागून वर येताना दिसतात. दुपारनंतर प्रकाशही त्याच दिशेने येत असल्याने इमारती काळ्या आकृत्यांसारख्या उमटतात. चित्रातील ज्या भयाचे श्रेय छायाचित्रकाराच्या दृष्टीला दिले जाते, त्याचा काही वाटा बंदराच्या भूगोलाचा आहे.

मात्र याच ऋतूत शिडाच्या नौका बंदरात नसत. आगोट लागण्यापूर्वी कोकण किनाऱ्यावरील मचवे, गलबते, पडाव पाण्याबाहेर ओढून झावळ्यांखाली शाकारून ठेवले जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात लोटले जात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीलाही आता १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या समाजाने पावसाळी समुद्राचे प्रेक्षक होण्याचे नाकारले, असे यावरून म्हणता येते. ज्यांना वादळ सर्वांत जवळून ठाऊक होते, त्यांनी त्या काळात किनाऱ्यावर राहणे पसंत केले. या शहाणपणाची किंमत १७ जुलै १९४७ रोजी पुन्हा एकदा कळून आली. त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती शिडाची नव्हती, वाफेच्या बळावर चालणारी होती. तरीही आषाढातील समुद्राने तिला जुमानले नाही.

म्हणून वादळी बंदरावर शिडाच्या नौकेतून रोखलेला कॅमेरा ही परंपरेने दिलेली दृष्टी नव्हे. ती परंपरेचा नियम मोडून मिळवलेली दृष्टी आहे आणि तिचे मूल्यमापन करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

रसायन आणि कोरे आकाश

दुसरी मर्यादा माध्यमाची होती. १८५४ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी १ मे रोजी लोहमार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत पोहोचला आणि खाडीतील शिडाच्या वाहतुकीला स्पर्धक निर्माण झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यात सहभागी असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. आणि त्यानंतर लगेच, १ नोव्हेंबरच्या रात्री, मुंबईवर भीषण चक्रीवादळ आदळून बंदरातील नौकांचा मोठा विध्वंस झाला. शहरात कॅमेरे होते, ते वापरणारी संस्था होती आणि वादळही होते. पण रात्रीचा तो प्रलय तत्कालीन कागदावर वा काचेवर उमटणे शक्यच नव्हते.

दिवसाउजेडीही अडचण होतीच. कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच तिच्यावर प्रकाश पाडून लगेच अंधाऱ्या जागेत ती धुवावी लागे. हेलकावणाऱ्या नौकेवर हे काम जवळजवळ अशक्य होते. शिवाय ते रसायन निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरे होई. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ बंदरचित्रांतील कोरे आकाश हे निरभ्रतेचे चिन्ह नसून रसायनाच्या मर्यादेची खूण आहे. तसेच त्यांतील निश्चल पाणी म्हणजे शांत समुद्राची साक्ष नव्हे; प्रकाशाचा अवधी लांबला की लाटा धुक्यासारख्या सपाट होतात. जुन्या चित्रसंग्रहावरून मुंबई बंदर निवांत होते असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक माध्यमाचा दोष इतिहासाच्या माथी मारतो.

फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास या अडचणीवर उपाय शोधला. समुद्र व आकाश यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह घेऊन त्या एकाच छापात त्याने जोडल्या; कधी तेच आकाश त्याने एकाहून अधिक समुद्रांवर वापरले. आज संगणकावर आकाश बदलणाऱ्यांना हे उदाहरण समर्थनार्थ वापरता येईल. परंतु दोहोंत फरक आहे. ल ग्रेचे रसायन समुद्र आणि ढग सहसा एकत्र टिपू शकत नव्हते. आजचा कॅमेरा दोन्ही टिपतो. पूर्वीच्या जोडणीने उणीव भरून निघत होती. आजच्या जोडणीने बहुतेक वेळा जे घडले तेच पुसले जाते. वादळाच्या चित्रात हा भेद विशेष महत्त्वाचा, कारण तेथे ढगाचा आकार, वाऱ्याची दिशा आणि पाण्यावरील फेस यांची परस्परसंगती हाच चित्राच्या खरेपणाचा आधार असतो.

शिडाच्या नौकेवरील दृष्टी

आगबोटीच्या उंच डेकवरून घेतलेल्या चित्रात लाटा दबलेल्या भासतात, कारण दृष्टी त्यांच्या वरून जाते. लहान शिडाच्या नौकेवर कॅमेरा पाण्यापासून माणसाच्या उंचीपेक्षा फारसा वर नसतो. लाट उठली की तिच्याआड शहराचा पायथा लपतो. ती ओसरली की शहर पुन्हा दिसते. शिवाय वाऱ्याच्या दाबाने नौका एका अंगावर कललेली असते आणि क्षितिज चौकटीत तिरपे येते. ही तिरपी रेषा नौकेवर असलेल्या वाऱ्याच्या जोराची खूण असते. नंतर ते क्षितिज सरळ करणारा संपादक चित्र नेटके करतो खरा, पण त्यातला वारा काढून टाकतो.

भिंगाच्या निवडीचेही असेच आहे. दूरदर्शी भिंग ढग आणि इमारती एकमेकांवर दाबून संकट वाढवते. विस्तृत कोनाचे भिंग शहराला दूर ढकलून आकाश मोठे करते. दोन्ही निवडी वैध आहेत. मात्र त्या निवडी आहेत, हे वाचकाला कळले पाहिजे.

याहून महत्त्वाचा मुद्दा श्रमाचा आहे. वारा अकस्मात वाढतो तेव्हा शिडाचे क्षेत्र कमी करावे लागते, दोर आवळावे लागतात, सुकाणू सांभाळावे लागते. म्हणजे दृश्य ज्या क्षणी सर्वाधिक चित्रणयोग्य असते, नेमक्या त्याच क्षणी खलाशाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. ऑस्ट्रेलियन खलाशी-लेखक ॲलन व्हिलियर्स याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अखेरच्या मालवाहू शिडाच्या जहाजांवर काम करीत छायाचित्रे घेतली. १९३८-३९ मध्ये तो अरबी शिडाच्या जहाजावरही राहिला. त्याच्या चित्रांचे बळ असे की त्यांत समुद्राइतकीच काम करणारी माणसेही दिसतात. १९ ऑगस्ट २००९ रोजी, पावसाळा सरलेला नसताना, कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेसाठी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्या नाविकाच्या बाबतीत तर कॅमेरा आणि सुकाणू यांतील निवड अटळच असते. अशा प्रवासात न घेतलेली छायाचित्रे ही उणीव मानता येत नाही. ती नाविकाच्या कर्तव्यदक्षतेची खूण असते.

चौकटीबाहेरचे वादळ

बंदराचे चित्र 'मुंबईतील वादळ' या मथळ्याखाली छापले जाते, तेव्हा बंदर म्हणजेच शहर असे गृहीत धरलेले असते. २६ जुलै २००५ची नोंद हे गृहीत मोडून काढते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. बंदरालगतच्या कुलाब्यात मात्र सुमारे ७३ मिलिमीटर. त्या दुपारी एखाद्या नौकेवरून गेट वेच्या दिशेने कॅमेरा रोखला असता तर त्यात जुलैमधील एक सामान्य पावसाळी दिवस आला असता. उपनगरे, ठाणे, कल्याण आणि उल्हासचे खोरे पाण्याखाली जात असताना ते चित्र शब्दशः खरे आणि आशयाने पूर्ण दिशाभूल करणारे ठरले असते.

उलट उदाहरण १७ मे २०२१चे. 'तौक्ते' चक्रीवादळाच्या वेळी गेट वेवर आदळणाऱ्या लाटांची दृश्ये सर्वत्र पोहोचली. त्याच वेळी दूर समुद्रात, बॉम्बे हाय परिसरात, 'पी-३०५' हा तराफा बुडत होता. ती दुर्घटना आणि 'वरप्रदा' या नौकेची दुर्घटना मिळून ऐंशीहून अधिक कामगार व खलाशी प्राणास मुकले. दिसणारे वादळ दगडी धक्क्यावर होते. माणसे घेणारे वादळ क्षितिजापलीकडे होते.

येथे टिटवाळ्याच्या आकाशाकडे परत यावे लागते. वैशाख-ज्येष्ठातील वळीव आणि आश्विनातील परतीचा पाऊस यांचे ढग बहुधा दुपारी सह्याद्रीवर वाढतात आणि किनाऱ्याकडे सरकतात. असा ढग काळूच्या काठी आधी दिसतो आणि बंदरावर नंतर पोहोचतो. शहराकडे, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड करून नौकेत उभ्या असलेल्या छायाचित्रकाराच्या तो पाठीमागून येतो. चित्रप्रकाराची रूढी त्याला शहराकडे पाहावयास लावते आणि हवा दुसरीकडूनच बदलत असते.

समारोप

वरील विवेचनावरून या चित्रप्रकाराचे निकष सुचविता येतात. चित्राची तारीख, वेळ, नौकेचे स्थान व कॅमेऱ्याची दिशा नोंदविलेली असावी. आकाश आणि पाणी एकाच क्षणाचे असावे. नौकेचा कल शक्यतो राखलेला असावा. आणि नौकेवर वा पाण्यावर काम करणारा माणूस केवळ सजावट म्हणून आलेला नसावा. या निकषांनी सौंदर्याला बाधा येत नाही. त्याला केवळ आधार मिळतो.

महाविद्यालयांतून भूगोल, इतिहास व माध्यमशास्त्र यांचे अध्यापन स्वतंत्रपणे होते. वादळी बंदराचे एक छायाचित्र या तिन्ही विषयांच्या वर्गात एकत्र वाचता येईल. त्याच दिवसाची कुलाबा, सांताक्रूझ आणि कल्याण परिसरातील पर्जन्याची नोंद त्याच्या शेजारी ठेवली, तर चित्रात काय आले याबरोबरच त्यातून कोण वगळले गेले, हेही विद्यार्थ्यांना दिसेल. नदीचे पाणी घरात शिरलेल्या टिटवाळ्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न समजावून सांगण्याची फारशी गरज पडणार नाही.