नाव आणि रानटीपणा : ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मधील भाषेचा विचार

विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) या कादंबरीचा विचार करताना शंख हे सभ्यतेचे आणि रंगविलेले तोंड हे रानटीपणाचे प्रतीक, अशी वाटणी करून मोकळे होण्याचा प्रघात आहे. ही वाटणी चूक नव्हे. परंतु ती इतकी उघड आहे की तिच्यासाठी समीक्षकाची गरज पडू नये. निर्जन बेटावर सापडलेल्या इंग्रज शाळकरी मुलांचे अधःपतन कसे होत जाते, हे पाहावयाचे तर त्यांच्या विशेषनामांकडे वळावे लागते.

आरंभीच पिगी मुलांची नावे गोळा करू लागतो. शिरगणती हे कोणत्याही राज्यव्यवस्थेचे पहिले काम. पण ही यादी कधीच पुरी होत नाही. पहिल्या वणव्यानंतर तोंडावर जांभळा डाग असलेले एक पोर दिसेनासे होते, तेव्हा त्याची चौकशी करावयास नावही हाताशी नसते. अखेरीस आलेला नौदलाचा अधिकारी मुले एकूण किती, असे विचारतो, तेव्हाही राल्फपाशी उत्तर नाही. आणि सर्वांची नावे विचारणाऱ्या या मुलाचे स्वतःचे नाव मात्र वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. ‘पिगी’ हे चिडविण्याचे नाव त्याने राल्फला विश्वासाने सांगितलेले असते. राल्फ ते भर सभेत जाहीर करतो आणि सारे हसतात. नाव हिरावून घेण्यास असा प्रारंभ होतो तो जॅकच्या टोळीत नव्हे, शंखाच्या सभेतच.

जॅकही प्रथम शाळेच्या शिरस्त्याप्रमाणे आडनावानेच ओळखले जाण्याचा आग्रह धरतो. पुढे तो ‘नायक’ होतो. अखेरच्या पानांत निवेदक त्याला तांबड्या केसांचा, फाटकी टोपी घातलेला एक लहान मुलगा एवढेच म्हणतो. पर्सिव्हलची गत अधिक हृदयद्रावक आहे. घरी पढविलेले नाव आणि पत्ता तो संकटात मंत्रासारखा म्हणत असतो; सुटकेच्या क्षणी तोच मंत्र त्याला आठवत नाही.

या दृष्टीने सायमनच्या वधाचे निवेदन बारकाईने वाचण्याजोगे आहे. नाचणाऱ्या मुलांच्या रिंगणात सायमन येतो, त्यानंतर निवेदक त्याचे नाव एकदाच घेतो. जमाव ज्याला श्वापद समजतो, त्याला तोही श्वापदच म्हणतो आणि त्याच्यासाठी नपुंसकलिंगी सर्वनाम योजतो. ‘सायमन’ हे नाव परत येते ते समुद्राचे पाणी प्रेताला भिडल्यावर. येथे इंग्रजीने जे साधले आहे ते मराठीत आणणे कठीण. इंग्रजीत माणसाला नपुंसकलिंगी सर्वनाम लावणे म्हणजे त्याचे माणूसपण नाकारणे. मराठीत ‘ते पोर’, ‘ते लेकरू’ यांत उलट मायाच अधिक. भाषांतरकाराने ‘ते’ लिहिले तर क्रौर्याऐवजी कणव व्यक्त होण्याचा धोका आहे.

आर. एम. बॅलन्टाइनच्या ‘द कोरल आयलंड’मध्ये रानटीपणा बेटवासीयांच्या वाट्याला आणि सभ्यता इंग्रज मुलांच्या वाट्याला आली होती. गोल्डिंगने त्यातील जॅक आणि राल्फ ही नावे उचलून ती वाटणी मोडली, हे सर्वश्रुत आहे. मात्र भाषेचा लोप म्हणजेच रानटीपणा, असे समीकरण मांडणे उतावीळपणाचे ठरेल. वधाच्या दुसऱ्या दिवशी राल्फ त्या कृत्याला खून म्हणतो, तर पिगी अपघात हा शब्द सुचवितो. ज्याच्या अशिष्ट, खालच्या वर्गाच्या इंग्रजीला इतर मुले हसतात, तोच पिगी येथे एखाद्या वकिलाला शोभेल अशी शब्दयोजना करतो. त्याची बुद्धी शाबूत आहे, युक्तिवाद शाबूत आहे, आणि नेमके त्यांच्याच साह्याने तो प्रेत दृष्टीआड करतो. गोल्डिंगचे हे निरीक्षण शंखाच्या प्रतीकाहून कितीतरी मर्मभेदक आहे. शंख निदान फुटतो तरी. पुढे सॅम आणि एरिक ही जुळी भावंडे येतात. आपण नाच संपण्यापूर्वीच निघून गेलो होतो, असे चौघेही एकमेकांना सांगतात. हे बोलणे चालू असताना एका जुळ्याच्या कपाळावर ओरखडा असतो आणि दुसऱ्याचा ओठ फाटलेला असतो.