शालेय आरोग्यविज्ञानाची अध्यापन-साधने : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कोल्हापुरातील शाळकरी मुलांना राजाराम बंधाऱ्यावरील दोन आकडे तोंडपाठ असतात. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी हे आकडे घराघरांत पोहोचविले. ते कोणी परीक्षेसाठी पाठ केलेले नाहीत. घर सोडावे की थांबावे, हा निर्णय त्यांवर अवलंबून असतो, म्हणून ते लक्षात राहतात. पंचगंगेकाठच्या गावांत नदीचे पाणी नळाने घरात येते. त्या पाण्यात अवशिष्ट क्लोरीनचे प्रमाण लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, असे भारतीय मानक सांगते. हा तिसरा आकडाही जिवाशीच निगडित आहे. पण तो विद्यार्थ्यांच्या बोलण्यात सहसा येत नाही. शालेय आरोग्यविज्ञानाच्या साधनांची चिकित्सा या विसंगतीपासून सुरू करणे उचित ठरते.

पाठ्यपुस्तक : माहितीची श्रीमंती, परिसराचे दारिद्र्य

बालभारतीने २०१८ साली काढलेल्या इयत्ता आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘आरोग्य व रोग’ हे प्रकरण आहे. क्षय, कावीळ, अतिसार, पटकी, विषमज्वर, डेंग्यू यांपासून मधुमेह व हृदयविकारापर्यंत त्याचा आवाका आहे. औषधांचा गैरवापर, रक्तदान आणि अवयवदान यांनाही त्यात स्थान मिळाले आहे. त्याच वर्षीच्या दहावीच्या पुस्तकातील ‘सामाजिक आरोग्य’ हे प्रकरण ताणतणाव, व्यसनाधीनता व सायबर गुन्हे यांची दखल घेते. आरोग्य म्हणजे केवळ नखे कापणे व दात घासणे, या जुन्या मर्यादेतून ही पुस्तके बाहेर पडली आहेत, हे निःसंशय मान्य करावे लागते.

उणीव मांडणीत आहे. रोग, कारक, प्रसाराचे माध्यम, लक्षणे व उपाय अशा रकान्यांचा तक्ता विद्यार्थ्याला वर्गीकरण शिकवितो, परंतु कार्यकारणभावाचा शोध शिकवीत नाही. ‘कावीळ दूषित पाण्यामुळे होते’ हे वाक्य तक्त्यात उत्तर म्हणून येते. वास्तविक तेथून प्रश्न सुरू व्हावयास हवेत. पाणी कोठे दूषित झाले? कोणाच्या सांडपाण्याने? शुद्धीकरण कोणाचे काम होते? २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आला. त्या शहरातील शाळेतही कावीळ हा रोग तक्त्यातील एक ओळ म्हणूनच शिकविला जात असेल, तर पुस्तक अचूक असूनही अध्यापन अपुरे राहते. राज्यभरासाठी एकच असलेल्या पुस्तकाकडून इचलकरंजीची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु ‘आपल्या गावात शोधा’ असे सांगून शोधाची रीत न देणे ही पुस्तकाचीच त्रुटी होय.

तक्ते, प्रतिकृती आणि भोपळा

अनेक शाळांतील आरोग्यविज्ञानाचे साहित्य म्हणजे भिंतीवरील पचनसंस्थेचा तक्ता, काचेच्या कपाटातील सांगाडा आणि अलीकडे पडद्यावरील चित्रफीत. या साधनांनी शरीराची रचना दिसते. शरीरात होणारा बदल मात्र हाती लागत नाही. डेव्हिड वर्नर व बिल बॉवर यांनी १९८२ साली ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिक्षणावर लिहिलेल्या पुस्तकात मेक्सिकोतील खेड्यांत वापरलेले एक साधन वर्णिले आहे. पोकळ भोपळ्याचे बाळ करावयाचे, वर टाळूच्या जागी भोक पाडून त्यावर ओले फडके ताणावयाचे, खाली बूच लावावयाचे आणि आत पाणी भरावयाचे. बूच काढले की ‘जुलाब’ सुरू होतात आणि पाणी उतरू लागताच टाळूवरील फडके खोल जाते. अतिसारात बाळाची टाळू का बसते, हे पाचवीतील मुलगीही आपल्या डोळ्यांनी पाहते आणि जलसंजीवनी का द्यावयाची, हे तिला वेगळे सांगावे लागत नाही.

या साधनाला खर्च जवळजवळ नाही. त्याचे खरे मोल मात्र स्वस्ताईत नसून, विद्यार्थ्याचा अंदाज तेथल्या तेथे तपासला जातो यात आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हेच तत्त्व तीस वर्षे राबविले. प्रयोगाचे संच, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि पुस्तक उघडे ठेवून द्यावयाची परीक्षा ही तिन्ही अंगे त्यात एकमेकांना धरून होती. २००२ साली शासनाने तो बंद केला. केवळ संच वाटून परीक्षा जुनीच ठेवली, तर संच कपाटात जातात, हा त्यातून घ्यावयाचा धडा आहे.

पाणी : परिसरातील प्रयोगशाळा

कोल्हापूर जिल्ह्यातील शाळेला सर्वात जवळचे साधन पाणी हे आहे. गावचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकल्यानंतर ‘ओटी’ चाचणी करतो. पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकताच पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे असे समजते. हे द्रावण घातक असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. परंतु जलसुरक्षकाला वर्गात बोलावून टाकीजवळचा, गावाच्या मध्यावरचा आणि शेवटच्या नळाचा असे तीन नमुने तपासून घेण्यास अडचण नाही. शेवटच्या नळाशी रंग फिका पडला की ‘का?’ हा प्रश्न आपोआप येतो.

दुसरे साधन हायड्रोजन सल्फाइड पट्टीचे. भारतीय संशोधकांनी १९८२ साली मांडलेल्या या चाचणीत पाणी पट्टीच्या बाटलीत भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवले जाते. बाटली काळी पडल्यास विष्ठाजन्य दूषितीकरणाचा संशय घ्यावा लागतो. येथे शिक्षकाने साधनाची मर्यादाही शिकविली पाहिजे. ही चाचणी जिवाणूंचा माग काढते, काविळीच्या विषाणूंचा नव्हे. म्हणून बाटली काळी पडली नाही म्हणजे पाणी निर्धोक, असा निष्कर्ष निघत नाही. ‘पुरावा नाही’ आणि ‘दोष नाही’ यांतील हा भेद विज्ञानशिक्षणाचा गाभा होय.

तिसरे साधन नकाशा. जॉन स्नो यांनी १८५४ साली लंडनमधील पटकीचे मृत्यू नकाशावर मांडून एका पंपाकडे बोट दाखविले. आपल्या वाडीचा नकाशा, त्यावर नळवाहिनी, गटार आणि तापाचे वा जुलाबाचे रुग्ण नावाविना टिंबांनी दाखविणे आठवीच्या वर्गाला सहज जमते. हिपॅटायटिस ‘ई’चा अधिशयनकाल दोन ते दहा आठवड्यांचा असतो, एवढे सांगितले की आज दिसणाऱ्या रुग्णाचे कारण मागील महिन्यातील पाण्यात शोधावयाचे असते, हेही उमगते. २०२० नंतर नववी-दहावीस दाखल झालेला ‘जलसुरक्षा’ हा श्रेणीविषय या कामाला हक्काच्या तासिका देऊ शकला असता. परंतु श्रेणीविषयाची तासिका गणिताला देण्याची प्रथा शिक्षकांना अपरिचित नाही.

न उघडलेली पाने

काही साधने उपलब्ध असूनही वापरली जात नाहीत. प्रजनन व मासिक पाळीचा भाग ‘घरी वाचा’ म्हणून सोडला जातो. २००७ साली महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणाच्या साहित्यावरून विधिमंडळात वाद होऊन ते रोखले गेले, तो संकोच वर्गात अद्याप रेंगाळतो आहे. तंबाखूचे उदाहरण याहून अवघड. कागल तालुक्याला लागूनच निपाणीचा तंबाखूपट्टा आहे. घरात मिश्री आहे आणि त्याच पिकावर चूलही पेटते, अशा मुलाला ‘व्यसन वाईट’ हे भित्तिपत्रक काय सांगणार? शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ते अंतर टेपने मोजणे आणि पिकाच्या अर्थकारणावर चर्चा करणे, ही भित्तिपत्रकापेक्षा प्रामाणिक साधने आहेत.

संभाव्य आक्षेप

वेळ नाही, अभ्यासक्रम पुरा होत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याहून खरा आक्षेप उच्चारला जात नाही. विद्यार्थ्यांनी गावचे पाणी तपासले आणि बाटली काळी पडली, तर शिक्षकाला ग्रामपंचायतीसमोर उत्तर द्यावे लागेल. वैयक्तिक स्वच्छतेचा धडा कोणालाच अडचणीत आणत नाही. पाण्याचा धडा आणतो. म्हणून निकाल प्रथम पंचायतीस व आरोग्य उपकेंद्रास कळवावा, अधिकृत प्रयोगशाळेतून पडताळून घ्यावा आणि मगच त्याची चर्चा करावी, ही शिस्त साधनाचाच भाग मानली पाहिजे. अध्यापक महाविद्यालयांनी व महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र विभागांनी परिसरातील शाळांना ही पडताळणी करून दिली, तर एकटा पडणारा शिक्षक एकटा राहणार नाही.

समारोप

आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. ‘सर्वांसाठी आरोग्य’ या १९८१ च्या अहवालातही त्यांचा प्रमुख सहभाग होता. शिक्षण व आरोग्य हे त्यांच्या लेखी एकाच सामाजिक प्रश्नाचे दोन पैलू होते. त्यांच्या जिल्ह्यातील शाळांत हे दोन पैलू वेगळ्या तासिकांत, वेगळ्या कपाटांत बंद राहावेत, हे खेदजनक आहे. साधनांची टंचाई हे त्याचे कारण नव्हे. भोपळा, बाटली, नकाशा आणि नळ सर्वत्र आहेत. ज्या दिवशी ३९ व ४३ या आकड्यांच्या जोडीने ०.२ हा आकडाही मुलांच्या तोंडी येईल, त्या दिवशी आरोग्यविज्ञान शाळेत खऱ्या अर्थाने शिकविले गेले, असे म्हणता येईल.