चुन-ली : बळाचें औचित्य

वाङ्मय आणि कला यांच्या चर्चेला वाहिलेल्या मासिकांत, मुलांच्या यांत्रिक खेळांतील एका पात्रावर लिहावयास बसलेल्या प्राध्यापकाकडे वाचक थोड्याशा संशयानें पाहतील, याची मला जाणीव आहे. माझी स्वतःची वृत्तीहि कालपरवांपर्यंत याहून निराळी नव्हती. १९९० नंतरच्या दशकांत, मी विद्यार्थी असतांना, नाणें टाकून खेळावयाच्या या यंत्रांचीं दुकानें मुंबईच्या रस्त्यांवर दिसूं लागलीं. तेथून ऐकूं येणारा गलका हा अभ्यासू माणसानें टाळावयाचा एक उपद्रव आहे, एवढेंच माझें त्यासंबंधींचें ज्ञान होतें. परंतु ज्या आकृतीकडे जगांतील लक्षावधि माणसें तीस वर्षांहून अधिक काळ आवडीनें पाहत आलीं, ती आकृति चांगली कीं वाईट, आणि चांगली असल्यास कां, हा प्रश्न टीकाकारानें टाळावा असें मला आतां वाटत नाहीं. लोकप्रियता म्हणजे गुणवत्ता नव्हे हें खरें. पण इतकी टिकाऊ लोकप्रियता कारणावांचून लाभत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

या प्रश्नाकडे माझें लक्ष वेधलें तें माझ्या पुतणीनें. ती चौदा वर्षांची असून शाळेच्या कबड्डीच्या संघांत खेळते. गेल्या दिवाळींत सारीं मंडळी फराळाला बसलीं असतां घरांतील एका वडीलधाऱ्या बाईंनीं तिच्याकडे पाहून म्हटलें, ‘आतां पुरे झाली ती कबड्डी; पाय बघ कसे पुरुषासारखे झालेत.’ मुलगी कांहीं बोलली नाहीं. मीहि बोललों नाहीं. दुपारीं मुलें पडद्यासमोर ‘स्ट्रीट फायटर’ नांवाचा खेळ खेळत बसलीं, तेव्हां भावांनीं ‘तूं मुलगी, तूं हिलाच घे,’ असें म्हणून चुन-ली हें पात्र तिच्या वाट्याला दिलें. तिनें तें घेतलें, दोघां भावांना पाठोपाठ हरविलें आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘काका, हिचे पाय बघितलेत का? लाथ मारायची तर पाय असेच हवेत.’ या एका वाक्यांत तिनें जें सांगितलें, त्याचा विस्तार करणें एवढेंच या लेखाचें काम आहे.

ज्यांना या खेळाचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. जपानमधील ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीनें १९९१ सालीं ‘स्ट्रीट फायटर’चा दुसरा भाग बाजारांत आणला. खेळाचा प्रकार साधा आहे. दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात. खेळणाऱ्याच्या हाताशीं एक दांडी आणि सहा कळा असतात, तीन ठोशांच्या व तीन लाथांच्या. आणि पडद्याच्या माथ्यावर प्रत्येक योद्ध्याच्या प्राणशक्तीची एक पट्टी असते. आघात बसेल तशी ती आखूड होत जाते व संपली कीं योद्धा कोसळतो. निवडावयास आठ योद्धे होते. त्यांत सात पुरुष आणि एकच स्त्री, तीच चुन-ली. चिनी भाषेंत या नांवाचा अर्थ वसंतांतील सौंदर्य असा होतो. ही तरुणी आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेंत अधिकारी आहे, आणि एका गुन्हेगारी टोळीच्या म्होरक्यानें आपल्या पित्याचा घात केला म्हणून त्याच्या पाठलागावर निघालेली आहे. पुढल्याच वर्षीं हा खेळ घरगुती यंत्रावर आला, तेव्हां त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. चुन-ली घराघरांत पोंचली ती तेव्हांपासून.

तिचें रूप ज्यांनीं रेखाटलें ते चित्रकार अकिरा यासुदा. ‘अकिमान’ या नांवानें ते प्रसिद्ध आहेत. त्यांनीं तिला जो पोशाख दिला तो शांघायमध्यें १९२० नंतरच्या दशकांत रूढ झालेल्या ‘चिपाव’ या अंगाबरोबर बसणाऱ्या चिनी झग्यावरून घेतलेला आहे. पण मूळ पोशाखांत जलद पावलें टाकणें कठीण. म्हणून येथें तो दोन्ही बाजूंनीं कमरेपर्यंत उलगडलेला आहे, आंत पाय झांकणारें गडद, घट्ट वस्त्र आहे आणि पायांत पांढरे उंच बूट आहेत. केस दोन्ही बाजूंस अंबाड्यांत बांधून वर पांढरें कापड व फिती गुंडाळल्या आहेत. लढणाराचे केस डोळ्यांवर येतां कामा नयेत. आणि सर्वांत लक्षणीय म्हणजे तिच्या मांड्या. त्या नाजूक नाहींत; भरीव, पिळदार, एखाद्या मल्लाला साजतील अशा आहेत. कारण तिचें शस्त्र तिचे पाय हेंच आहे. एका जागीं उभी राहून ती क्षणार्धांत लाथांचा असा वर्षाव करते कीं, एकाच पायाचे अनेक पाय भासावेत. आणि उलटी होऊन, पाय पसरून, भिंगरीप्रमाणें फिरत ती शत्रूवर जाते. पहिल्या आवृत्तींत, कांहीं पुरुष योद्ध्यांप्रमाणें हातांतून तेजाचा गोळा फेंकण्याची विद्याहि तिला दिलेली नव्हती. जें कांहीं होतें तें तिचा वेग, तिची उडी आणि तिचे पाय.

अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र यानें ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथांत औचित्य हेंच काव्याचें जीवित मानलें. कमरपट्टा गळ्यांत घातला आणि हार कमरेला बांधला तर दोन्ही अलंकार सुंदर असूनहि माणूस हास्यास्पद दिसतो, असें त्याचें प्रसिद्ध विवेचन आहे. सौंदर्य वस्तूंत नसतें, वस्तूच्या योग्य स्थानांत असतें, हा त्याचा आशय. या कसोटीला चुन-लीचें रूप बहुतांशीं उतरतें. झग्याची उकल पावलासाठीं, अंबाडे दृष्टीसाठीं, मांड्या आघातासाठीं. त्या काळच्या पडद्यावर चित्र बारीक ठिपक्यांचें असे, आणि खेळणाऱ्याला निमिषांत आपला योद्धा ओळखावा लागे. दोन अंबाडे, बारीक कंबर आणि रुंद पाय ही बाह्यरेषा काळ्या सावलींतहि ओळखूं येते. एका ठिकाणीं मात्र औचित्य सैल झालें आहे. पायांनीं लढणाऱ्या या स्त्रीच्या हातांत कांटेरी, अवजड कडीं आहेत. तीं दिसावयास शोभिवंत आहेत, पण त्यांचें काम काय, हें खेळांत कोठेंच पटत नाहीं.

या गुणाचें मोल कळावयास त्याच खेळांतील आपल्या देशाचा प्रतिनिधि पाहावा. त्याचें नांव धालसिम. गळ्यांत मानवी कवट्यांची माळ, अंगावर जेमतेम वस्त्र, रबरासारखे लांबणारे हातपाय आणि तोंडांतून ज्वाळा! योगविद्येविषयीं परदेशांत पसरलेल्या अद्भुत कल्पनांची ही गोळाबेरीज पाहून भारतीय वाचकाला हंसूं येतें आणि थोडी खंतहि वाटते. रशियाचा मल्ल, जपानचा सुमो पहिलवान, ब्राझीलचा हिरवा वनमानव, हीं सारीं पात्रें याच पद्धतीचीं आहेत : देश घ्यावा, त्याची सर्वांत ठसठशीत खूण घ्यावी आणि ती दसपट मोठी करावी. चुन-लीहि याच टांकसाळींतील नाणें आहे. तिचा झगा व अंबाडे या चीनच्या जपाननें काढलेल्या खुणाच आहेत. पण धालसिम आपल्या खुणेपलीकडे जात नाहीं, आणि चुन-ली जाते. तिला पिता आहे, व्यवसाय आहे, शोक आहे. आणि लढाई जिंकतांच एखाद्या शाळकरी मुलीसारखी ती आनंदानें उड्या मारते व हंसते. करुणांतून वीर आणि वीरांतून निर्मळ हास्य, असा भावांचा प्रवास इतक्या लहान जागेंत साधलेला आहे. तिची लोकप्रियता केवळ ‘एकमेव स्त्री’ या नवलाईची असती, तर पुढें प्रत्येक खेळांत स्त्रिया आल्यावर ती ओसरली असती. तशी ती ओसरली नाहीं.

निर्मात्यांनीं पुढें सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट फार बोलकी आहे. स्त्री पुरुषापेक्षां दुबळी, म्हणून चुन-लीची प्राणशक्तीची पट्टी इतरांपेक्षां आखूड ठेवावी, असा विचार निर्मात्यांपैकीं एकानें मांडला होता. दुसऱ्यानें तो मानला नाहीं. वाचकांनीं क्षणभर या पट्टीचा विचार करावा. ती आखूड केली असती तर चित्र तेंच राहिलें असतें, लाथा त्याच राहिल्या असत्या. पण प्रत्येक सामना सुरू होण्यापूर्वींच पडद्याच्या माथ्यावर एक निर्णय लिहिला गेला असता. तिला निवडणें हें मग कौतुकाचें किंवा दयेचें कृत्य झालें असतें. पट्टी समान ठेवल्यामुळें तिची हार व जीत खेळणाऱ्याच्या कौशल्यावर राहिली. माझ्या पुतण्यांनीं बहिणीला तें पात्र दिलें तेव्हां त्यांच्या मनांत ती आखूड पट्टी होती. खेळांत मात्र ती नव्हती, आणि म्हणून ते हरले.

या समानतेचें फळ १९९९ च्या ‘थर्ड स्ट्राइक’ या आवृत्तींत पूर्णपणें दिसलें. तींत चुन-ली सर्वांत प्रबळ योद्ध्यांपैकीं एक ठरली, आणि स्पर्धेंत उतरणारे कसलेले खेळाडू भावनेनें नव्हे, तर जिंकण्यासाठीं तिला निवडूं लागले. २००४ सालीं कॅलिफोर्नियांत भरलेल्या ‘ईव्हो’ स्पर्धेंतील एक प्रसंग या खेळाच्या इतिहासांत सर्वांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन आणि जपानचा दाइगो उमेहारा केन नांवाचा योद्धा घेऊन लढत होते. केनची पट्टी केसाएवढी उरली होती. आघात नुसता अडविला तरी तेवढ्यानेंहि तो कोसळला असता. अशा वेळीं चुन-लीनें आपला अंतिम हल्ला चढविला : एकापाठोपाठ पंधरा लाथा. उमेहारानें त्या पंधराहि, प्रत्येकीच्या नेमक्या क्षणीं दांडी पुढें सारून परतविल्या आणि उलट डाव जिंकला. जयघोष त्याचा झाला, आणि तो योग्यच होता. पण पराक्रमाची उंची प्रतिपक्षाच्या बळावरून ठरते. तो प्रसंग अजरामर झाला याचें अर्धें श्रेय त्या पंधरा लाथांना आहे. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला चुकविल्याचें कौतुक कोणी वीस वर्षें करीत नाहीं.

आतां दुसरी बाजू. उलगडलेला झगा पावलासाठीं आहे, हें मीं वर म्हटलें; पण तो तेवढ्याचसाठीं आहे असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. चित्रकारानें पाहणाऱ्याच्या नजरेचा विचार केलेला आहे, आणि पुढें तर त्याच मांड्यांना कर्तृत्वापासून तोडून केवळ पाहण्याचा विषय करणारीं चित्रें उदंड निघालीं. १९९२ सालीं दुसऱ्या एका जपानी कंपनीनें माई शिरानुई हें पात्र आणलें. तेथें वस्त्र आणि देह यांची योजना लढण्याशीं जवळजवळ संबंध सोडून केलेली दिसते. दोघींमधील अंतर नीतीचें नसून औचित्याचें आहे. एकीचें रूप तिच्या कृतींतून निघतें. दुसरीची कृति तिच्या रूपाला निमित्त म्हणून जोडलेली आहे.

याहून गंभीर दोष मला पहिल्या खेळाच्या शेवटांत वाटतो. सर्व शत्रूंना जिंकून चुन-ली पित्याच्या समाधीपाशीं येते आणि आतां आपण पुन्हा एक साधी तरुण मुलगी होऊं शकूं, असें म्हणते. त्याच खेळांतील र्‍यू हा योद्धा विजयाच्या समारंभालाहि न थांबतां पुढल्या लढाईच्या शोधांत निघून जातो. पुरुषाचें बळ हा त्याचा स्वभाव, आणि स्त्रीचें बळ म्हणजे एका दुःखापोटीं घेतलेलें कर्ज. सूड संपला कीं तें फेडून मोकळें व्हावें, असा याचा अर्थ होतो. निर्मात्यांनाहि हें खटकलें असावें. कारण नंतरच्या एका आवृत्तींत पोलीस अधिकारी राहावयाचें कीं साधें जीवन पत्करावयाचें, ही निवड खेळणाऱ्याच्याच हातीं दिली गेली. आणि २०२३ सालच्या सहाव्या भागांत ती आपल्याला भेटते ती वयानें वाढलेली, ली-फेन या अनाथ मुलीचा सांभाळ करणारी आणि वस्तींतील लोकांना कुंग-फू शिकविणारी. अंबाडे तेच आहेत, पायहि तेच आहेत. सूड मात्र मागें पडला आहे. बळ फेडून टाकण्याऐवजीं तें दुसऱ्याला द्यावयाचें असतें, हें त्या पात्राला उमगावयास बत्तीस वर्षें लागलीं, पण उमगलें.

कोणतीहि कलाकृति आपल्या घरांत शिरते तेव्हां घरांतल्या समजुतींशीं तिची गांठ पडते. ‘शोभतें’ आणि ‘शोभत नाहीं’ हे शब्द आपण मुलींच्या बाबतींत फार सैलपणें वापरतों. क्षेमेंद्राची कसोटी त्यांनाहि लावून पाहावी. चढाईला निघालेल्या मुलीच्या अंगांत सात जणींच्या घोळक्यांतून सुटून रेषेपर्यंत पोंचण्याचें बळ हवें. तें ज्या पायांत आहे ते पाय तिला शोभत नसतील, तर दुसरें काय शोभणार? फराळाच्या वेळीं हें मीं बोलावयास हवें होतें. वयानें वडील असलेल्या बाईंचा मान राखला, अशी मीं तेव्हां मनाची समजूत घातली; पण ज्या उत्तराची त्या मुलीला गरज होती, तें तिनें दुपारीं एका चित्रांतून स्वतःच शोधून काढलें, आणि तें मलाच समजावून दिलें.